मी घाटातच का बंद होतो

मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना आहे, मेलेला नाही. हा फरक आधी नीट समजून घ्या, मित्रांनो, कारण आमच्या घरात तो समजायला अख्खं वर्ष गेलं आणि त्यात मी भंगारात जाता जाता वाचलो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याफटक खोलीत झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. शेवटच्या बाईनं मला उलटं केलं, माझ्या पोटाखालच्या बारीक फटींवरून बोट फिरवलं आणि मगच मला पुढं सरकवलं. त्या फटी म्हणजे माझं नाक. आत एक पंखा आहे. तो खालून गार हवा ओढतो आणि कडेच्या जाळीतून गरम हवा बाहेर फेकतो. एवढंच माझं शरीरशास्त्र. यात न कळण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही.

पहिली चार वर्षं मी या घरातल्या मुलीकडं होतो. ती पुलांचे नकाशे काढायची. मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, नवा लॅपटॉप मिळाला आणि जाताना तिनं मला आजोबांच्या हवाली केलं. माझ्यात एक गेम घालून दिला. अवजड ट्रक चालवायचा गेम.

तिच्या आजोबांना सगळे उस्ताद म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी मोठमोठे ट्रक हाकले होते. मग डोळ्यांच्या तपासणीत अडकले आणि परवाना गेला. त्या दिवसापासून ते खिडकीत बसून असायचे. रस्त्यानं ट्रक गेला की पुटपुटायचे, "तिसरा गिअर टाक, तिसरा." ऐकायला खिडकीखेरीज कोणी नव्हतं.

गेम आला आणि माणूस खिडकीतून उठला. दुपारी जेवण झालं की माझ्यासमोर बसायचे. बोटं माझ्या कळांवर, आणि उजवा पाय टेबलाखाली नसलेला ब्रेक दाबत असायचा. पण त्या खेळाला माझं रक्त आटतं, हे कोणाच्या गावी नव्हतं. झाडाचं पान न पान, काचेवरचा थेंब न थेंब, बारा चाकांच्या बारा सावल्या, हे सगळं मला डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं. सपाटीवर मी ते हसत करतो. घाटात धुकं, पाऊस आणि जंगल एकदम अंगावर येतं, तेव्हा मात्र मला श्वास लागतो.

आणि श्वासच कोंडला गेला. त्याची गोष्ट ऐका.

उस्तादांची सून घरीच शिवणकाम करते. गाड्यांच्या सीटची, सोफ्यांची, दवाखान्यातल्या खुर्च्यांची कव्हरं. हात असा की शिवण शोधून सापडणार नाही. सासरे खुलले म्हणून तिलाही माझं कौतुक वाटलं आणि तिनं मला एक खोळ शिवली. निळी मखमल, तळाला दोन बोटं जाड फोम, कोपऱ्यांना इलॅस्टिक. भोकं कुठं ठेवू, असं तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानं मोबाइलमधून मान न काढता सांगितलं, वायर जाते तिथं. तिनं वायरीला जागा ठेवली. कडेच्या जाळीतून हाताला गरम वारं लागलं, तेव्हा तीही मोकळी सोडली. खालच्या फटी दिसल्या, तेव्हा मात्र तिला माझी दया आली. म्हणाली, यातून धूळ जाईल बिचाऱ्यात.

बिचारा! नाक दाबलं आणि वर बिचारा म्हटलं.

त्याच आठवड्यात घाटातल्या तिसऱ्या वळणावर मी बंद झालो. दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशीही तिथंच. मित्रांनो, कान देऊन ऐका. मी दगा दिला नाही. एका मर्यादेपलीकडं तापलो तर माझं काळीज जळून जाईल, म्हणून त्याच्या आधी मी आपण होऊन दिवा मालवतो. मला तोंड नाही. ओरडता येत नाही. बंद होणं हा माझा एकच शब्द आहे आणि मी तो घसा फुटेपर्यंत उच्चारला. कोणी ऐकला नाही.

उस्तादांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, मला दुरुस्तीला घेऊन निघाला. निघण्यापूर्वी सुनेनं खोळ काढली आणि धुवायला टाकली. चारचौघांत मळक्या कपड्यांनी जायचं नाही, हा तिचा नियम. दुरुस्तीवाल्यानं मला दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं आणि तोच खेळ दोन तास चालवला. मी घाट चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, दोष नाही. घरी आलो. धुतलेली खोळ अंगात. तिसरं वळण. अंधार.

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा दुरुस्तीवाला वैतागला. त्या वेळी उस्तादही सोबत आले होते आणि स्टुलावर बसून मला त्या ठोकळ्यांवर घाट चढताना बघत होते. तो त्यांच्यादेखत मुलाला म्हणाला, "लॅपटॉप ठणठणीत आहे. चालवणारा बदला."

झालं. मुलाला निकाल मिळाला. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, की हे वय गेम खेळायचं नाही, रविवारी गेम पुसणार आणि हे धूड भंगारवाल्याला देणार. एकटी सून मध्ये पडली. म्हणाली, असू दे की, त्यांना दुसरं आहे काय? मुलानं ऐकलं नाही. उस्तादांनी खुर्ची उचलली आणि परत खिडकीशी नेऊन ठेवली. माझ्यावर बंदी आली याचा मला राग नव्हता. त्या खुर्चीचा आला.

शनिवारी सकाळी सुनेनं दोरीवरची खोळ काढली आणि मला घातली. उस्ताद बघत होते. त्यांनी हात पुढं करून तळाचा फोम चाचपला. एकदा, दोनदा. मग त्यांचा चेहरा पडला. मी पाहिला, मला कॅमेरा आहे. त्यांना कळलं होतं. तरी ते गप्प! जी एकटी आपल्या बाजूनं उभी राहिली, तिच्याच शिवणीकडं बोट कसं दाखवायचं? दुपारी ती दवाखान्याची कव्हरं पोचवायला गेली, तशी त्यांनी चोरासारखी खोळ काढून पलंगावर टाकली, मला दोन वाट्यांवर टेकवलं आणि ट्रक काढला. तिसरं वळण गेलं. चौथं गेलं. आणि दार उघडलं. दवाखाना बंद होता.

तिनं पलंगावरची खोळ पाहिली.

"बाबा, माझ्या हातचं टोचतं का?"

उस्तादांनी कळांवरचे हात काढले. ट्रक भर घाटात उभा. मी मनात म्हटलं, बोला हो, आता तरी बोला.

"थंडीत आम्ही ट्रकच्या तोंडाला पुठ्ठा बांधायचो," ते म्हणाले. "इंजिन गारठू नये म्हणून. एकदा घाट उतरून खाली आलो, ऊन तापलं, पुठ्ठा काढायचा राहिला. इंजिन बसलं. मी चार लोकांत क्लीनरला शिव्या घातल्या. पुठ्ठा मी बांधला होता, पोरी."

माझ्या पोटाखाली तिनं हात घातला. पंखा हवा ओढत होता, ती तिच्या बोटांमधून आत आली. मग तिनं खोळीचा तळ दाबून बघितला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आज सकाळी."

"आणि लपवत होता?"

"तू एवढ्या हौसेनं शिवलीस."

"हौस गेली चुलीत. गिऱ्हाईक खुर्चीत अवघडलं तर मी कव्हर उसवते, गिऱ्हाईकाला नाही."

तिनं मला उलटं केलं, खडूनं फटींची खूण खोळीवर घेतली आणि कात्री चालवली. फोम कापला, कडांना पट्टी मारली, चार कोपऱ्यांना चार जाड बटणं लावली. मी प्रथमच स्वतःच्या पायांवर टेबलापासून वर उठलो.

रविवारी मुलगा गेम पुसायला बसला, तर तिनं मला त्याच्या हातातून काढून उस्तादांपुढं ठेवलं. आधी घाट होऊ दे, मग काय ते पुसा, असं बजावलं. तिसऱ्या वळणावर तिघांनीही श्वास धरला. मी मात्र सोडला, कडेच्या जाळीतून, मोठ्यानं. पाचवं वळण. सातवं. माथा.

मुलानं खाली हात घालून बघितलं. म्हणाला, "वायरीचं सांगितलं होतं की मी."

"मान वर न करता," सून म्हणाली.

त्यानं मान वर केली. मग विचारलं, पुढं उतार आहे का. उस्तादांनी खिडकीशी ठेवलेली खुर्ची त्याच्यासाठी ओढून घेतली. "आहे. बस, दाखवतो."

मित्रांनो, धडा हवा असेल तर घ्या. मला उशीवर, पांघरुणात, मांडीवर ठेवून राबवू नका. फटींतली धूळ वर्षातून एकदा झाडा. आणि कोणी पुन्हा पुन्हा त्याच जागी थांबत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला नालायक ठरवण्याआधी त्याच्या नाकावर आपलाच हात नाही ना, एवढं बघा. मी दया मागत नाही. हवा मागतो. ती पुन्हा कोणी अडवली, तर मी पुन्हा बंद होईन, ऐन घाटात, आणि त्याची माफी मागणार नाही.