लिओनोरबाईच्या काळजातली गाठ

लिओनोर मेदेइरोसच्या काळजात गाठ निघाली आणि नवी नवरी बघायला लोक यावेत तशी डॉक्टरांची रीघ लागली. "अशी गाठ आयुष्यात एकदाच बघायला मिळते," एक जण म्हणाला. लिओनोरबाईला धाप लागली होती, तोंड सुजून भोपळा झालं होतं, तरी ती उशीला टेकून ताठ बसली. अख्ख्या फॉल रिव्हर गावात असलं दुखणं कुणाला नव्हतं. धाकट्या जावेला, देओलिंडाला, नुसते पित्ताचे खडे झाले होते. ते काय, कुणालाही होतात.

सर्जन व्हिटकॉम म्हणाला, "छाती उघडू, गाठ काढू."

कॅन्सरची डॉक्टर प्रेंटिस म्हणाली, "आधी तुकडा तपासू. लिम्फोमा, म्हणजे रक्तपेशींचा कॅन्सर, असेल तर सुरीचं कामच नाही, औषधाने विरघळतो. दुसरं काही असेल तर तेच औषध फुकट."

दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून काळजाची वाटणी करत होते. काळीज जिचं, तिला कोणी विचारेना.

"माझी छाती म्हणजे काय दुकानाचं शटर आहे? आधी तुकडा बघा!" लिओनोरबाई कडाडली. तुकडा पुढच्या आठवड्यात काढायचा ठरला. तोवर घरी.

घरी देओलिंडा केलच्या पालेभाजीचं सूप घेऊन आली आणि पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. "जाऊबाई, माझ्या सांध्यांसाठी दिल्या होत्या, उरल्यात. सूज कशी झटक्यात उतरते बघा."

"तुझं उरलंसुरलं मी खाऊ? ने परत."

देओलिंडाने बाटली टेबलावरच ठेवली. ती फाटकाबाहेर पडायच्या आत लिओनोरबाईने झाकण उघडलं होतं.

चार दिवसांत सूज उतरली. बाई जिना चढली, वर जाऊन सुनेच्या स्वयंपाकाला नावंही ठेवून आली. दवाखान्यात फोटो काढला तर गाठ निम्मी! व्हिटकॉम म्हणाला, सूज उतरायला मी दिलेलं लघवीचं औषध. पाद्री म्हणाले, प्रार्थना. मुलगी नतालिया म्हणाली, माझा नवस. मग मानेच्या शिरेतून बारीक चिमटा घालून तुकडा काढला, तर त्यात नुसता मेलेला चोथा. रोगाचं निदान काहीच होईना.

"आता छाती उघडल्याशिवाय कळणार नाही," व्हिटकॉम म्हणाला. सुरी मिळणार म्हणून त्याचा चेहरा खुलला होता.

प्रेंटिसने तिसऱ्यांदा विचारलं, "बाई, घरी दुसरं कुठलं औषध घेतलंत?"

"मी कुणाच्या हातचं काही खात नाही."

कोपऱ्यात देओलिंडा पर्स पोटाशी धरून बसली होती. बाटली कुठे ठेवली ते तिला ठाऊक होतं, पण जावेला खोटं पाडायची तिची हिंमत नव्हती. व्हिटकॉमच्या माणसाने जांभळ्या पेनाने लिओनोरबाईच्या छातीवर, गळ्यापासून खाली, कापायच्या जागी सरळ रेघ ओढली. शाई गार लागली.

"थांब रे," ती म्हणाली. "हिच्या गोळ्या खाल्ल्या मी. सांध्यांच्या."

"आई!" नतालिया ओरडली.

"कुठल्या गोळ्या?" प्रेंटिसने विचारलं. देओलिंडाने नाव सांगितलं तशी ती खुर्चीतून उठलीच. "स्टेरॉइड! त्याने गाठ विरघळली म्हणजे लिम्फोमाच असणार. आणि त्यानेच आपला तुकडा नासला!"

गोळ्या हळूहळू बंद केल्या. गाठ पुन्हा वाढली आणि डॉक्टर खूश झाले. माणसाचं दुखणं बळावलं म्हणून हसणारी जमात लिओनोरबाईने पहिल्यांदाच पाहिली. नवा तुकडा काढला. लिम्फोमाच. गाठ एकदम विरघळली तर काळजाच्या भिंतीला भोक पडेल, म्हणून पहिली केमो जपून, थोडी थोडी दिली. महिन्याभराने फोटोत गाठ उरली नाही. व्हिटकॉम या गाठीवर भाषण द्यायला शिकागोला गेला. त्यात त्याच्या लघवीच्या औषधाचा उल्लेख होता म्हणे.

केमो चालूच होती. देओलिंडा सूपचा डबा तिच्या हातात देऊन खुर्ची ओढून जवळ बसली. "चर्चमध्ये सगळ्या म्हणतात, जाऊबाईंना तूच वाचवलंस."

"वाचवलंस? त्या गोळ्यांनी माझी छाती फाडायची वेळ आणलीस."

"मग खाल्ल्या कशाला?"

लिओनोरबाईच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता, पण मान ताठच होती. "आणि खरं सांगितलं कुणी? मी. तेव्हा वाचवलं मी. हे चर्चमध्ये सांग, आणि आज सूपमध्ये मीठ कमी का, तेही सांग."