आपला माणूस जिंकला तेव्हा

निवडणूक हरलेल्या खासदाराला वॉशिंग्टनमध्ये तळघरात बसवतात. नव्यांसाठी वरच्या खोल्या रिकाम्या करायच्या असतात, म्हणून डिसेंबर लागला की हरलेल्यांना खाली एकेक टेबल आणि एकेक फोन मिळतो. गृहपाठ न केलेल्या पोरांना बसवावं तसे आम्ही ओळीनं बसलो होतो. त्याआधी मी वरच्या माझ्या खोलीत असतानाच एक नव्या खासदारबाई टेप घेऊन भिंती मोजून गेल्या.

"हे टेबल इथंच राहणार का हो?"

"नाही. ते माझ्या वडिलांचं आहे," मी म्हणालो. एवढं एकच सामान तिथं माझं स्वतःचं होतं.

तळघरात माझ्या शेजारी ओहायोचा गस बेंडिक्स बसायचा. आमच्याच पक्षाचा, त्याच लाटेत बुडालेला. त्याला दुसरा विषयच नव्हता.

"वॉरन, लेका, दोन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षपदाला आपला माणूस पडला असता तर?"

"तर लोक आज समोरच्या पक्षावर चिडले असते."

"मग आत्ता सभागृह कुणाकडे आलं असतं?"

"आपल्याकडे."

"आणि शेती समितीचा अध्यक्ष?"

"मी."

व्हाइट हाउस ज्या पक्षाचं, त्याला दोन वर्षांनी काँग्रेसच्या, म्हणजे आमच्या संसदेच्या, निवडणुकीत लोक बहुतेक वेळा झोडपतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी दर वेळी आपला माणूस निवडून आणायला आम्ही जिवाचं रान करतो. मी आमच्या आयोवाच्या थंडीत त्याच्यासाठी दारोदार हिंडलो होतो. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला एवढी मेहनत दुसरं कोण करतं?

माझी बायको आयरीन हे ओळखून होती. ती वॉशिंग्टनला कधी राहायला आली नाही. मी शनिवार-रविवारी घरी जायचो, तेही निम्मा वेळ कुणाच्या तरी मक्याच्या शेतात भाषण ठोकत असायचो. आपला माणूस जिंकला त्या सकाळी मी स्वयंपाकघरात नाचायचाच बाकी होतो. तिनं माझ्यापुढे अंडी ठेवली.

"अभिनंदन. म्हणजे दोन वर्षांनी तू घरी."

"अभद्र बोलू नकोस."

"अभद्र काय त्यात? तुझा पक्ष आपटणार, तूही आपटणार. मी तर तुझ्या विरोधातच मत देणार आहे."

"बायको असून?"

"बायको आहे म्हणूनच."

मी ते थट्टेवारी नेलं. दीड वर्षानं, निवडणुकीआधीच्या वसंतात, तिनं फोनवर मध्येच विचारलं, "तुझं ते टेबल किती लांब आहे रे?" मी घाईत होतो. कुणाकडून तरी मोजून घेतलं आणि सांगितलं. कशाला, ते विचारलं नाही. थोड्याच दिवसांनी ती गेली, झोपेतच. दफन उरकून मी प्रचाराला लागलो, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. घरी गेलो तरी खाली सोफ्यावर झोपायचो. वर पाऊल टाकवत नव्हतं.

गसनं वॉशिंग्टनमध्येच नोकरी धरली. मलाही म्हणाला, "थांब की इथंच. घरी कोण आहे तुझं?"

कोणी नव्हतं. पण वडिलांचं टेबल कुठंतरी न्यायला हवं होतं, म्हणून मी घरी गेलो.

सामानवाल्यांनी विचारलं, "कुठं ठेवायचं?" खाली जागा नव्हती. वर आयरीनच्या शिवणाच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि नाइलाजानं त्यांच्यामागून जिना चढलो.

खिडकीखालची भिंत मोकळी होती. तिथलं तिचं कापडांचं कपाट बाजूला सरकवलेलं होतं. भिंतीवर पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या आणि खिडकीत तिची शिवणाची टेप गुंडाळून ठेवली होती. टेबल त्या दोन खुणांमध्ये नेमकं बसलं.

"वा, मोजून घेतलं होतंत वाटतं!" सामानवाला म्हणाला.

साऱ्या मतदारसंघात मी हरून घरी यायची वाट बघणारं एकच माणूस होतं. ते लोक गेल्यावर मी टेबलाशी बसलो. शेजारी तिचं शिलाई मशीन होतं, आणि तिची खुर्ची माझ्याकडे वळवून ठेवलेली होती.