महिनाभर थांबायची चिठ्ठी

मित्रांनो, मी एका दाराचा जुना फ्रिज आहे. वय सव्वीस वर्षे. आधीच सांगून टाकतो, मला हेवा वाटतो. स्वयंपाकघरात माझ्या जागेवर जो नवा उभा आहे, त्याचा. त्याला दोन दारे, काचेचा चेहरा, आणि तो जराही आवाज करत नाही. मी गॅलरीत आहे. माझ्या पोटात कांदे आणि जुनी वर्तमानपत्रे आहेत.

मी एका कारखान्यात तयार झालो. शेवटी एका कामगार बाईने माझ्या दाराला रबर बसवले, दार दोनदा उघडून लावून पाहिले आणि म्हणाली, "जा, नीट राहा." मी नीटच राहिलो.

मला आईने रोख पैसे देऊन आणले. घरातली लेक त्या दोघांना आई आणि बाबा म्हणायची, म्हणून मीही तसेच म्हणतो. आईचा एक नियम होता. काही घ्यावेसे वाटले की चिठ्ठीवर वस्तूचे नाव आणि तारीख लिहायची, आणि लाल चुंबकाने ती माझ्या दारावर लावायची. मग महिनाभर थांबायचे. तरीही वस्तू हवीशी वाटली तर घ्यायची, नाहीतर नाव खोडून चिठ्ठी एका डब्यात ठेवून द्यायची. बाबांनी एकदा पाठ चोळायचे यंत्र लिहिले. आठव्या दिवशी त्यांची पाठ बरी झाली.

"वाचले ना पैसे?" आई म्हणाली.

"पाठ तुझ्या धाकाने बरी झाली," बाबा म्हणाले.

माझ्या दारावरचे मला दिसत नाही. आई लिहिताना मोठ्याने बोलायची, म्हणून मला कळायचे. एखादी चिठ्ठी मात्र ती काही न बोलता लावायची. शेवटचीही तशीच लावली. अकराव्या दिवशी ती दवाखान्यात गेली. परत आली नाही.

बाबा माझे दार उघडून नुसते उभे राहत. आईने भरून ठेवलेली लिंबाच्या रसाची बाटली त्यांनी हलवली नाही. मीही ती जपली.

चिठ्ठीच्या सव्विसाव्या दिवशी बाबा घाम पुसतच घरी आले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, सोमवारपासून बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मालावर कर वाढतोय म्हणे. दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. विकणारा पोरगा म्हणाला, काका, आज घ्या, नाहीतर परवा दीडपट मोजाल. घेऊन टाकला नवा फ्रिज. चोवीस हप्त्यांवर."

दुसऱ्या दिवशी नवा आला. दोन हमालांनी मला गॅलरीत ढकलले. "केवढा जड आहे हा म्हातारा!" एक म्हणाला. "तेव्हा जाड पत्रा घालायचे, गड्या," दुसरा म्हणाला. त्या दिवशी मला मिळालेला चांगला शब्द तेवढाच.

बाबांनी आईची चिठ्ठी नव्याच्या दारावर लावून पाहिली. काचेवर चुंबक धरेना. तीनदा घसरून खाली पडला. मग ते गॅलरीत आले आणि चिठ्ठी परत माझ्याच दारावर लावून गेले.

खिडकीतून मला सगळे दिसायचे. बाबा त्याला मऊ फडक्याने पुसायचे. मला इतक्या वर्षांत असे कुणी पुसले नव्हते. लिंबाची बाटलीही त्याच्या पोटात गेली. ते मला फार लागले.

सोमवारी कर लागला. साबण, बल्ब, बाबांच्या गोळ्या, सगळे हळूहळू महागले. पेन्शन होती तेवढीच राहिली. पण गंमत बघा, गरज असलेल्या आणि नसलेल्या सगळ्यांनीच घाईने फ्रिज घेऊन टाकले होते. मग दुकानात कुणी फिरकेना. दीड महिन्यात दुकानदाराने तोच फ्रिज बाबांनी घेतला त्याहून कमी भावात लावला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग बाबांनी वर्तमानपत्र बंद केले, दूध अर्धे केले, आणि रात्रीची गोळी ते सुरीने अर्धी करू लागले. तेव्हा माझा आनंद कुठल्या कुठे गेला.

हप्त्याला पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने माझ्या पाठीवर थाप मारून भाव सांगितला. अर्धा हप्तासुद्धा होत नव्हता. "रविवारी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला.

शनिवारी लेक आली. कांदे काढायला गॅलरीत आली आणि चिठ्ठीपाशी थबकली.

"बाबा, हे आईचं अक्षर. 'दोन दारांचा फ्रिज.' म्हणून घेतलात होय?"

मित्रांनो, मी थंडच पडलो. म्हणजे नवा आईलाच हवा होता, आणि तिने ते माझ्याच छातीवर लावले होते!

"तिचं शेवटचं मागणं होतं," बाबा म्हणाले. "राहून जायला नको."

"पण महिना कुठे झाला होता? चारच दिवस राहिले होते ना!"

"आणि कर वाढणार होता त्याचं काय? तुझा बाप काय करणार होता?"

लेक आत गेली. तिने आईचा डबा आणून बाबांच्या मांडीवर उपडा केला. खोडलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग पडला. दोघे एकेक चिठ्ठी वाचू लागले. पाठ चोळायचे यंत्र सापडले. मग बाबांच्या हातात एक चिठ्ठी आली. दोन दारांचा फ्रिज, खोडलेला. थोड्या वेळाने आणखी एक सापडली. अशा सात निघाल्या. सगळ्या निरनिराळ्या वर्षांच्या, सगळ्या ऐन उन्हाळ्यातल्या. न बोलता लावलेल्या त्या चिठ्ठ्या याच.

सात वेळा तिच्या मनात दुसरा आला होता, आणि सात वेळा तिने मलाच ठेवले होते. आठव्या वेळी तिने काय केले असते, ते कुणालाच माहीत नाही.

"हप्ते आता भरायलाच लागतील," लेक म्हणाली. "पण गोळ्या पूर्ण घ्या. आणि हा जुना विकायची तरी घाई करू नका."

रविवारी भंगारवाला आला. बाबा म्हणाले, "महिन्याने या." मग त्यांनी चिठ्ठीवर 'जुना फ्रिज विकणे' असे मोठ्याने बोलत लिहिले, तारीख घातली आणि आईच्या चिठ्ठीशेजारी लावली.

आज अठ्ठाविसावा दिवस आहे. काल बाबांनी ओल्या फडक्याने माझ्या दाराचे रबर पुसले. का, ते बोलले नाहीत.

मित्रांनो, कुणी सोमवारची भीती घातली तरी महिनाभर थांबा. घरात जुने काही चालत असेल तर त्याच्यावरून अधूनमधून फडके फिरवा. माझा हेवा अजून गेलेला नाही. लिंबाची बाटली त्याच्याकडेच आहे. पण चिठ्ठी लावायची झाली, तर बाबांना माझ्याकडेच यावे लागते.