तुमच्या कृपेनं

सदुसष्ट वर्षांच्या माणसाला बोलायला शिकवण्याचा उद्योग स्नानघराच्या गरम हौदात चालला होता. काजितानी शिगेओ गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता आणि समोरचे दोघं हात धुऊन त्याच्या मागे लागले होते.

"म्हण की," उओझुमी म्हणाला. "'भाव वाढवून द्या.' तीन शब्द. त्यात काय दात पडतात का?"

"तुझ्या तोंडून तर ते तीन शब्द कधी निघाले नाहीत," डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून बसलेला हिराओका म्हणाला. "म्हणून तर तुझ्या कारखान्याच्या जागेवर आता लोकांच्या गाड्या उभ्या असतात."

उओझुमीचा मुलामा चढवण्याचा कारखाना तीन वर्षांपूर्वी बंद पडला होता. हिराओकाचं केस कापायचं दुकान अजून तग धरून होतं. शिगेओचा स्प्रिंगांचा छोटा कारखाना त्याच गल्लीत होता. हिगाशी-ओसाकातल्या त्या गल्लीत एकेकाळी बावीस कारखाने होते, आता सहा उरले होते.

"सरकार टीव्हीवर ओरडून सांगतंय," उओझुमी पुढे म्हणाला, "की लहान कारखान्यांनो, मोठ्या कंपन्यांकडे भाव मागा. सप्टेंबर हा म्हणे भाव बोलण्याचा महिना!"

"आणि बाकीच्या महिन्यांत काय तोंडाला कुलूप? मोठी मेहेरबानी झाली!" हिराओका फणकारला. "तिकडे येन घसरला की परदेशात मोटारी विकणाऱ्यांची चांदी. टीव्हीवर त्यांच्या कामगारांचे पगार वाढल्याच्या बातम्या. इकडे माझी बायको भातात बार्ली मिसळते आणि वर मलाच सांगते, तब्येतीला चांगली असते म्हणून! तांदळाचा भाव बघितला का? मी कटिंगचे पैसे वाढवले, तर गिऱ्हाईक दोनाऐवजी तीन महिन्यांनी यायला लागलं. लोकांचे केस तेवढे वाढतात, पगार काही वाढत नाहीत."

"चूक आपलीच," उओझुमी म्हणाला. "तीस वर्षं आपणच छाती फुगवून सांगत होतो ना, आम्ही एक येनसुद्धा भाव वाढवला नाही म्हणून? आता बसा!"

"मी बोललो आणि त्यांनी माझं काम कुसुमोतोला दिलं, तर?" शिगेओ शेवटी म्हणाला.

साकाई शहरातला कुसुमोतो त्याच कंपनीसाठी तीच स्प्रिंग बनवायचा. विजेच्या किटलीचं बटण दाबलं की झाकण टपकन उघडतं ना, ती स्प्रिंग. हाताच्या बोटावर मावेल एवढीशी, पण कारखान्याचं अर्ध्याहून जास्त काम तीच. तिचा भाव अकरा वर्षांत हलला नव्हता. तार महागली, वीज महागली, पाठवणीचं खोकं महागलं, पण स्प्रिंग जिथल्या तिथे. ज्या कंपनीला ती जायची तिला या गल्लीत सगळे मायबाप कंपनी म्हणत. मायबापाकडे काय मागायचं आणि कसं मागायचं, हे शिगेओला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

"कुसुमोतोची तार काय आकाशातून पडते?" उओझुमी म्हणाला. "तोही मेटाकुटीलाच आला असेल. तू बोल. स्वतःसाठी नको, मिसुझुसाठी बोल."

मिसुझु ही शिगेओची एकुलती एक मुलगी. चौतीस वर्षांची, कुरिअर कंपनीच्या ऑफिसात चांगली चिकटलेली. ती उन्हाळ्यात येऊन म्हणाली होती, "बाबा, मी नोकरी सोडते. कारखाना मी चालवणार." शिगेओला आनंदानं रात्रभर झोप लागली नव्हती आणि सकाळी उठून त्यानं सांगितलं होतं, "किटलीच्या स्प्रिंगचा भाव वाढला तर ये. नाही वाढला, तर नवीन वर्षाच्या आत मी यंत्रं विकतो. बुडती नाव मी तुझ्या हातात देणार नाही." तिला ऑक्टोबरअखेर ऑफिसला काय ते कळवायचं होतं.

मिसुझु कंबर कसून तयारीला लागली. तिनं एका कागदावर तीनच वाक्यं लिहिली. एकात तारेचा भाव, एकात विजेचा, आणि तिसऱ्यात, इतके टक्के वाढवून हवेत. मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी तालीम. ती कंपनीचा खरेदी अधिकारी व्हायची आणि शिगेओ शिगेओच राहायचा.

"बोला काजितानीसान, भावाबद्दल काय म्हणणं आहे?" मिसुझु आवाज जाड करून विचारायची.

शिगेओ घसा खाकरून तिन्ही वाक्यं म्हणायचा. पहिल्या दिवशी तिसऱ्या वाक्याला त्याची जीभ टाळ्याला चिकटली. आठव्या दिवशी मात्र तो ते एका दमात म्हणाला. त्याची बायको इकुए मुळा किसत होती, तिनं किसणी ठेवून टाळ्या वाजवल्या.

"अहो, आता तुम्ही निवडणुकीला उभे राहा," ती म्हणाली.

ठरलेल्या दिवशी शिगेओ लग्नकार्याला घालायचा कोट घालून कंपनीच्या मुख्य कचेरीत गेला. सरकारचं फर्मान आल्यापासून कंपनीला प्रत्येक पुरवठादाराशी भावाबद्दल बोलणं आणि ते ठरावीक फॉर्मवर लिहून ठेवणं भाग होतं. प्रत्येकाला वीस मिनिटं. बाहेर खुर्च्यांची रांग होती आणि शेजारच्या खुर्चीवर बसला होता दुसरातिसरा कुणी नाही, कुसुमोतो!

"ओहो, काजितानीसान! कसं काय?" कुसुमोतो अर्धा उठून वाकला.

"छान. तुमच्या कृपेनं," शिगेओ वाकून म्हणाला. "तुमचं?"

"आमचंही. तुमच्याच कृपेनं."

दोघं हसले. कुसुमोतोच्या कोटाची बाही कोपरावर झिजलेली शिगेओला दिसली. आपल्या बुटाची टाच त्याला दिसू नये म्हणून शिगेओनं पाय खुर्चीखाली ओढले. बोलण्यासारखं दोघांकडेही ढीगभर होतं, पण दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. मग कुसुमोतोला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हाही हसतच होता. बघा, याचं जमलेलं दिसतंय, असं मनात म्हणत शिगेओनं खिशातला मिसुझुचा कागद चाचपला.

आत हाशिझुमे नावाचा, मिसुझुच्याच वयाचा खरेदी अधिकारी लॅपटॉप उघडून बसला होता. तो नम्र होता, अगदी नको तितका नम्र. त्यानं उभं राहून स्वागत केलं, चहा पुढे सरकवला आणि विचारलं, "काजितानीसान, हल्ली कसं चाललंय? काही अडचण वगैरे?"

आता बघा. आठ दिवस तालीम झाली होती, पण मिसुझुनं कधी 'कसं चाललंय' असं विचारलंच नव्हतं. ती थेट भावावर यायची. आणि 'कसं चाललंय' याला या देशात एकच उत्तर असतं. ते शाळेत शिकवतात, घरी शिकवतात, आणि चाळीस वर्षांच्या धंद्यात ते माणसाच्या हाडात उतरतं.

शिगेओ टेबलाला कपाळ टेकेल इतका वाकला. "तुमच्या कृपेनं, ठीक चाललंय," तो म्हणाला.

"ऐकून बरं वाटलं," हाशिझुमे म्हणाला आणि त्यानं लॅपटॉपच्या कळा बडवल्या. टक टक टक.

मग तो स्प्रिंगांच्या दर्जाबद्दल बोलला. चार वर्षांत एकही खराब नग आला नाही, याबद्दल त्यानं मनापासून आभार मानले. शिगेओचा हात आतल्या खिशातल्या कागदावर होता. आता रामराम संपेल, आता मुद्दा निघेल, मग आपण कागद काढू, असं तो मनात म्हणत होता. हाशिझुमेनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि तो उभा राहिला.

"आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल आभारी आहे."

शिगेओसुद्धा उठला. सवयीनं वाकला. दाराबाहेर आल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला की ज्याला आपण रामराम समजत होतो, तोच मुद्दा होता.

घरी त्यानं सांगितलं, "झालं बोलणं." खोटं तरी कुठे होतं? मिसुझुनं आनंदानं त्याला बिअर ओतून दिली. त्यानं ती हळूच इकुएपुढे सरकवली. स्नानघरात उओझुमीनं पाठीवर थाप मारली, तेव्हा तर त्याला पाण्यात बुडून जावंसं वाटलं.

दोन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मिसुझु अर्धी रजा टाकून दहा वाजता कारखान्यात हजर झाली आणि यंत्राच्या खडखडाटात तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"'आपल्याशी भावाबाबत चर्चा झाली. सध्या कोणतीही अडचण नसल्याचं आपण सांगितलंत. त्यानुसार चालू भाव कायम ठेवण्यात येत आहे.'" तिनं यंत्र बंद केलं. "बाबा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"त्यानं विचारलं, कसं चाललंय."

"मग?"

शिगेओ तारेची गुंडाळी उचलून बाजूला ठेवायला लागला.

"मग? बोला ना!"

"तुमच्या कृपेनं, म्हणालो."

मिसुझुनं कपाळावर हात मारून घेतला. "कोणाच्या कृपेनं? कसली कृपा? आई या वयात दोन दोन तास उभी राहून नग मोजते, ही त्यांची कृपा? तुम्ही पाच वर्षं दाताची कवळी बदलली नाहीत, ही त्यांची कृपा? आठ दिवस मी घसा कोरडा केला, बाबा! तीन वाक्यं होती. तीन!"

"कसं चाललंय विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?" शिगेओही भडकला. "हाल चाललेत म्हणून रडायचं? मायबाप कंपनीच्या तोंडावर?"

"हो! रडायचं! सरकार रडायला सांगतंय, कायदा रडायला सांगतोय, त्यांच्या फॉर्मवर रडायला जागा ठेवलीय!" मिसुझुचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला आणखी राग येत होता. "आणा तो फोन. मी बोलते. बघा कसं बोलायचं असतं ते."

कारखान्याच्या फोनला जुना स्पीकर होता, हात तेलकट असले तरी बोलता यावं म्हणून. मिसुझुनं नंबर लावला. कागद समोर ठेवला. पाठ ताठ केली. इकुए हातमोजे काढून दारात येऊन उभी राहिली.

"काजितानी स्प्रिंग कारखान्यातून बोलतेय. हाशिझुमेसान आहेत का?"

"अरे वा, हाशिझुमेच बोलतोय!" फोनमधून प्रसन्न आवाज आला. "नेहमी आपला लोभ असतो. कसं काय, सगळं ठीक ना?"

"हो, तुमच्या कृपेनं, सगळं..."

मिसुझु फोनसमोर वाकली होती. समोर माणूस नाही, नुसतं यंत्र, तरी ती कमरेत वाकली होती. तशीच वाकलेली ती थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"ऐकून बरं वाटलं," फोन म्हणाला.

शिगेओनं ती वाकलेली पाठ पाहिली. असंच वाकणं तिला आपल्याकडून मिळालं होतं, दुसरं कोण देणार? यंत्रं द्यायच्या आधीच आपण हिला हे देऊन बसलो, असं त्याला वाटलं. तो पुढे झाला आणि त्यानं फोन आपल्याकडे ओढला.

"हाशिझुमेसान, मी काजितानी शिगेओ. ठीक नाहीये."

"काय म्हणालात?"

"ठीक नाहीये. मी त्या दिवशी म्हणालो ते खोटं होतं. तुमची कृपा अकरा वर्षांपूर्वीच्या भावावर अडकून बसलीय. तारेचा भाव कुठल्या कुठे गेला, विजेचा गेला. असंच चाललं तर नवीन वर्षाला मी यंत्रं विकणार. भाव वाढवून द्या."

मग हाशिझुमे हळूच म्हणाला, "आम्ही यावर... सकारात्मक विचार करू."

या देशातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की त्याचा अर्थ नाही असा होतो. इकुएनं मान खाली घातली.

"तुम्ही म्हणालात त्याचा अर्थ मला समजला," शिगेओ म्हणाला. "मी म्हणालो त्याचा तुम्हाला समजला का? समजला असेल तर तुमच्या त्या यंत्रात लिहा. काजितानी म्हणाला, ठीक नाही. विचार नंतर करा. आधी लिहा."

मग कळांचा आवाज आला. टक टक टक.

"लिहिलं," हाशिझुमे म्हणाला. त्याचा आवाज एकदम साधा झाला होता, घरच्या माणसाशी बोलावं तसा. "काजितानीसान, या महिन्यात तेवीस जण येऊन गेले. तेवीसच्या तेवीस म्हणाले, तुमच्या कृपेनं ठीक चाललंय. वरच्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तुम्ही पहिले."

म्हणजे कुसुमोतोसुद्धा! त्याच्या झिजलेल्या बाहीसकट!

फोन ठेवल्यावर शिगेओच्या ध्यानात आलं की आपण वाकलोच नाही. तो खुर्चीवर बसला.

"हं," मिसुझु नाक पुसत म्हणाली. "म्हणे बघा कसं बोलायचं असतं."

कोणीच हसलं नाही. तिनं पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि बापाकडे पाहिलं. "मग ऑफिसात काय सांगू? येऊ का मी?"

"भाव अजून वाढलेला नाही."

"ते माहितीय. मी विचारतेय, आपलं ठीक चालेल का?"

शिगेओनं तोंड उघडलं. ते जुने शब्द अगदी दातांपर्यंत आले. त्यानं ते आवंढ्याबरोबर गिळून टाकले.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मिसुझुनं आईच्या हातातले हातमोजे घेतले, स्वतःच्या हातात चढवले आणि यंत्राचं बटण दाबलं.