साडेतीन तास पाण्याखाली

तलावाचं गेट अडकलेलंच राहिलं, तर त्यात हणमंतप्पाचा फायदा होता. कालव्याची पाळी खोळंबली असताना तलावाचा पहारेकरी नातीच्या लग्नाला पुण्याला कसा जाणार? म्हणून मदतनीस योगीराजनं राजेश्वरीच्या ड्रायसूटची चेन पाठीमागून ओढून बंद केली, तेव्हा भूमकडच्या त्या तलावाच्या भिंतीवर देवाचा धावा न करणारा हणमंतप्पा एकटाच होता.

पाण्याखाली उतरून गेटचा गाळ काढायला आलेली बाई गाव पहिल्यांदाच बघत होतं.

"आत थेंब जात न्हाय," योगीराज म्हणाला. "आतले कपडेबी कोरडे."

"आन् लघवी लागली तर?" हणमंतप्पानं विचारलं. विचारलं थट्टेनं, पण कान टवकारले.

"डायपर लावलंय की, काका," जेवण झालं म्हणावं तशी राजेश्वरी म्हणाली. "नवी माणसं त्यापायी पाणीच पीत न्हाईत. मग खाली पायात गोळे येतात. मी तांब्याभर पिऊन उतरते."

ती उतरली. खाली-वर बोलायला भिंतीवर ठेवलेल्या खोक्यातून नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. दोन तासांत हणमंतप्पा चार वेळा बाभळीआड जाऊन आला. पाचव्यांदा निघाला, तोच खोकं बोललं.

"योगीराज, थांब जरा."

श्वास मंदावला. भिंतीवर कुणी हललं नाही.

"हं, झालं. पहार सोड खाली."

दोघं-तिघं फिदीफिदी हसले. हणमंतप्पानं मात्र डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तीस-पस्तीस फूट खाली, काळ्या गारठ्यात, बाई आतून ओली झाली होती. आणि आवाज तोच, हात तेच. लोखंडावर पहार वाजू लागली.

साडेतीन तासांनी ती वर आली. हणमंतप्पानं चाक फिरवलं, गेट कुरकुरत उचललं गेलं आणि कालवा भरून धावला. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याची सबब वाहून गेली.

दुपारी त्याच्या क्वार्टरच्या ओसरीवर राजेश्वरी जेवायला बसली. आत त्याची बायको कमलबाई भाकरी थापत होती. हणमंतप्पा सरकत सरकत जवळ आला.

"बाई, ते... भूमला मिळतं का?"

"काय, काका?"

"तेच. पुण्यापतोर एसटीला लई वेळ लागतो."

राजेश्वरी हसली नाही. डाव्या हातानं पिशवी ओढून तिनं एक पुडा त्याच्यापुढं ठेवला.

"मोठ्या मापाचं हाय. बसंल तुम्हाला."

आतलं भाकरी थापणं थांबलं. हणमंतप्पानं पुडा झटकन धोतराखाली घेतला.

"लपवताव कशाला?" कमलबाई तव्याकडं बघत म्हणाली. "लेकीला आता फोन करा. म्हणावं, तुझ्या आईचे गुडघे बरे झालेत, आमी दोघं येताव."

तो तिच्या गुडघ्यांकडं बघत राहिला. त्यांना कधी काही झालंच नव्हतं; त्याला कुठं जावं लागू नये म्हणून ती लेकीला तेच दुखणं सांगत आली होती. दोन वर्षांतला लेकीचा रुसवा, विहिणीचे टोमणे, पहाटेची गुपचूप धुतलेली धोतरं, सगळं तिनंच सोसलं होतं.