भीमराजचा सामनेवाला

हट्ट्यात भीमजयंतीचा सामना ठरला की गावाची दोन गावं व्हायची. अर्धे भीमराजचे, अर्धे सोनाजीचे. सामना म्हणजे गाण्यातली कुस्ती. दोन गायन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, बाबासाहेबांची गाणी म्हणायच्या आणि मधेमधे एकाने गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्याने तो गाण्यातूनच परतवायचा. भीमराज हट्ट्याचा, घरचं पोरगं. सोनाजी औंढ्याकडच्या खेड्यातला, वयाने मोठा. मंचावर दोघं एकमेकांची अशी सालटी काढायचे की पुढे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, हे औंढ्यापासून वसमतपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता सगळ्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक वेळा खोटं असतं. भीमराज आदल्या दिवशी काहीतरी कारण काढून सोनाजीच्या गावी जायचा, आणि सामन्याला हे दोघं वैरी एकाच मोटारसायकलवर यायचे. सोनाजी पुढे, भीमराज मागे मांडीवर पेटी घेऊन. गावाच्या अलीकडच्या फाट्यावर भीमराज उतरायचा आणि मागून येणाऱ्या जीपला हात करायचा. वैरी एका गाडीवरून उतरताना दिसले तर पुढच्या साली सुपारी कोण देणार?

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती, आणि तिच्याबद्दल त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. सोनाजीला गळा होता, शब्द नव्हता. भीमराजला दोन्ही होतं. त्यामुळे दोन्ही बाजूंची गाणी भीमराजच रचायचा. स्वतःला बसायचे टोमणेसुद्धा तोच रचून द्यायचा. "दादा, मला असं हाण की पब्लिक उठून उभं राहिलं पायजे," म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याने आपलं नाव गुंफायचं अशी रीत आहे. सोनाजीच्या गाण्यांत 'सोनाजी म्हणे' हेही भीमराजच घालून द्यायचा. पहिल्या गाण्याला सोनाजीला लाज वाटली होती. पुढे सवय झाली, आणि सवयीला लाज नसते.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी औंढ्याला चहा पिता पिता भीमराजने त्याला नवी ओळ दिली.

*आज गातोस, गाऊन घे लेका,*
*पुढल्या साली तू न्हाई दिसायचा.*

"ही मार," तो म्हणाला. "मंडप डोक्यावर घेत्याल लोक."

लोकांनी घेतला. शिट्ट्या, टाळ्या, नुसता कालवा. भीमराजने मंचावर हार खाल्ल्यासारखं तोंड पाडलं आणि उपरण्याआड मनसोक्त हसला. पण पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. जनकाबाई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून लोकांच्या रानात निंदण-खुरपण करून तिने हे एक लेकरू वाढवलेलं. लेकाच्या वैऱ्याचं गाणं ऐकायचं नाही हा तिचा नेम होता. सोनाजीने तोंड उघडलं की ती उठायची, मंडपाबाहेर जायची आणि कानावर पदर घट्ट धरून उभी राहायची. त्या रात्री मात्र तिला उठायला उशीर झाला. ती ओळ तिने ऐकली.

पावसाळ्यात भीमराजला कावीळ झाली. आधी गळ्यात माळ घातली, मग कुठला तरी पाला पाजला, आणि नांदेडला नेलं तोवर हाताबाहेर गेलं होतं. ऐन तिशीतला पोरगा गेला. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काय. पण आईला बोलाफुलाची गाठ कोणी समजावायची?

मातीला सोनाजी आला तेव्हा ती दारातच उभी होती. रडत नव्हती.

"बघायला आलास का?" ती म्हणाली. "तूच म्हणला होतास ना, न्हाई दिसायचा. बघ. न्हाई दिसत."

जमलेली सगळी माणसं सोनाजीकडे वळली. तो आल्या पावली मागे फिरला. सख्ख्या भावासारखा माणूस आत निजलेला आणि त्याचं तोंडही याला पाहता आलं नाही. मित्र मेला तर माणूस चारचौघांत रडतो, चार माणसं पाठीवर हात ठेवतात. सामनेवाल्याला ती सोय नसते. लोक उलट म्हणाले, सोनाजीचं फावलं, मैदान मोकळं झालं. वर्षभर त्याने एकही सुपारी घेतली नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, घसा धरलाय. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

वर्ष भरत आलं तेव्हा हरिचंदचा फोन आला. हा भीमराजचा ढोलकीवाला.

"स्मृतिदिन हाय, विहारात. तू ये."

"माय काय म्हणली?"

"माय न्हाई म्हणली. म्या ये म्हणून राहिलो. सामनेवाल्याबिगर भीमराजचा कार्यक्रम कसा व्हायचा?"

सोनाजी निघाला. सोयाबीन कमरेला लागलं होतं आणि रस्ताभर तो एकच वाक्य घोळवत होता. *माय, ती ओळ माझी न्हाई. त्यानंच दिली होती.* एवढं एकदा सांगायचं. मग जनकाबाईने आपल्याला लेकाचा वैरी म्हणू नये, लेकाचा माणूस म्हणावं, आणि त्या घराच्या उंबऱ्यावर बसून आपल्याला एकदा पोटभर रडू द्यावं. त्याला दुसरं काही नको होतं.

विहारात पांढऱ्या कपड्यातली माणसं दाटीने बसली होती. त्रिसरण-पंचशील झालं. भाषणं झाली. ज्यांनी भीमराजला जिवंतपणी कधी चहा पाजला नाही, तेही तासभर बोलले. मग हरिचंदने माइकवर सोनाजीचं नाव घेतलं आणि सगळ्या माना जनकाबाईकडे वळल्या. जनकाबाई फोटोशेजारी खुर्चीवर होती. तिने उठायला हात टेकला. पण लेकाच्या फोटोपासून आज उठायचं कसं? ती तशीच बसून राहिली.

सोनाजीने आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं धरलं. गावोगाव लोक याच गाण्यासाठी त्याला बोलवायचे.

*गर्दीत भीमाच्या जयंतीला*
*गाठ पदराची मनगटाला*
*माय म्हणं, सुटला हात तर*
*हाक मारू मी कोणाला*

जनकाबाईची मान हळूहळू वर आली. सोनाजी तिच्याकडे न पाहता गात होता. शेवटच्या कडव्याशी त्याचा आवाज चिरकला, पण त्याने ते सोडलं नाही.

*थोर झालं तुझं लेकरू*
*गाठ सुटून काळ लोटला*
*भीमराज म्हणे, अजून माये*
*वळ राहिला मनगटाला*

हरिचंदची थाप चुकली. सोनाजीने माइक तोंडाशी ओढला.

"हे गाणं भीमराजचं हाय," तो म्हणाला. "माझी सगळीच गाणी भीमराजची हायेत. म्या नुसता गात होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय मोठ्या मनाचा माणूस, लोक म्हणाले, मेलेल्या वैऱ्याला आपली गाणी देऊन टाकली. खरं सांगितलं तरी लोकांना आपल्याला हवं तेच ऐकू येतं. सोनाजी खाली मान घालून उतरला.

जेवणाच्या पंगती बसत होत्या. विहारामागे भाताची पातेली उतरवलेली होती, तिथे जनकाबाईने त्याला बोलावून घेतलं.

"वसमतची जयंती होती ती," ती म्हणाली. "एवढंसं होतं माझं लेकरू. त्या गाठीचं म्या कोणाला बोलले न्हाई. तुला कोण सांगितलं?"

"त्यानंच रचलं, माय."

"मग सोता काहून न्हाई गायला?"

"त्याला गाता येईना. गळा दाटायचा. म्हणला, दादा, तू गा. एका साली तरी माय उठायची न्हाई, तिला ऐकू दे."

जनकाबाईने पातेल्याच्या कडेचा आधार घेतला. कड भाजत होती, तरी तिने हात काढला नाही.

"आन् म्या उठून जायची," ती म्हणाली. "दर साली. कानावर पदर घेऊन."

तिचे डोळे भरून आले होते. लेक गेला त्या दिवसापासून ती रडली नव्हती असं लोक सांगत, आणि आता पाणी खळत नव्हतं. सोनाजीने तिचा हात पातेल्यावरून उचलून बाजूला घेतला. तिने तो घेऊ दिला.

"समदी त्याचीच व्हय?"

"समदी."

"त्याला बोलायचास ते बी? टोमणे, सामन्यातलं समदं?"

"समदं, माय. दोन्हीकडचं."

सोनाजीला कळलं, आता काय येणार.

"मग ती ओळ?" तिने विचारलं. "पुढल्या साली न्हाई दिसायचा... ती बी त्यानंच?"

वाक्य तयार होतं. औंढ्यापासून घोळवत आणलेलं, खरं, अक्षर न् अक्षर खरं. सोनाजीने तिच्याकडे पाहिलं. वर्षभर या बाईने लेकाचं मरण त्याच्या माथी मारून दिवस काढले होते. ते त्याच्या माथ्यावरून उतरवलं तर ठेवायचं कुठे? लेकराने आपल्याच तोंडाने आपलं मरण बोलावलं, हे घेऊन ती उरलेलं आयुष्य कशी निजणार होती?

"न्हाई माय," तो म्हणाला. "ती तेवढी माझी."

जनकाबाईने आपला हात त्याच्या हातातून सोडवून घेतला. पदराने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैलावलं, बाळंतीण निजावी तसं.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "माझं लेकरू असलं अभद्र लिहिणार न्हाई."

"व्हय, माय."

"जेवून जा," ती म्हणाली. "आन् पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

सोनाजी पंगतीत जाऊन बसला. वाढणाऱ्याने भात वाढला, वर वरण घातलं. शेजारचा कोणी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होता. त्याने मान हलवली आणि पानावरचं सगळं खाल्लं.