‘चि.’च्या मागची पिवळी पट्टी

मी एक पिवळी पट्टी आहे. कापडाची नाही, व्हिडिओ बनवणाऱ्या मल्लेशच्या कॉम्प्युटरमधली. व्हिडिओत नाव येतं ना, त्याच्या मागे राहणारी. मला फार भीती वाटते आहे.

माझा जन्म आज सकाळीच झाला, अक्कलकोट रोडला, मल्लेशच्या खोलीत. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटाने टेबल थरथरत होतं. मला वाटलं, जन्मताना सगळेच असे थरथरत असतील.

उद्या शिवलीलाताईंच्या बाळाचं बारसं आहे. नाव ठेवलं की मोठ्या पडद्यावर ते झळकणार. बाळाला आजोबांचं नाव द्यायचं ठरलं आहे, सिद्राम. आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांचा श्रद्धांजलीचा व्हिडिओही मल्लेशनेच केला होता.

मल्लेशच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात. ‘द्र’ तर हमखास. म्हणून तो नाव दुसरीकडे लिहितो आणि त्याचं चित्र करून आणतो. नाव तेच आहे म्हणून त्याने या वेळी जुनंच चित्र उचललं. त्यावर होतं, ‘कै. सिद्राम’. ‘कै.’वर त्याने मला ठेवलं आणि माझ्यावर ‘चि.’ लिहिलं.

सगळ्यांत खाली झेंडूची फुलं, त्यावर आजोबांचं नाव, त्यावर मी, माझ्यावर ‘चि.’. बघणाऱ्याला वरचं तेवढं दिसतं. मला मात्र खालचं सतत टोचत होतं.

दुपारी शिवलीलाताई आल्या. सोबत त्यांच्या सासूबाई, म्हणजे सिद्राम आजोबांच्या पत्नी, नागव्वा आजी.

“हे पिवळं ठिगळ कशाला ओ, मल्लेशदादा? फुलं झाकली की सगळी. जरा फिकं करा.”

मल्लेशला नाही म्हणता येत नाही. खरं सांगायचंही धाडस होईना. त्याने माउस हलवला. मी शंभर टक्क्यांवरून नव्वदवर आले, मग सत्तरवर. माझ्या पोटातून ‘कै.’च्या दोन मात्रा वर आल्या आणि ‘चि.’च्या वेलांटीत अडकल्या.

“थांब,” नागव्वा आजी पुढे वाकल्या. “त्या अक्षराखाली काय हाय रे?”

ओढ मला मागे, शंभरावर ने, असं मी जिवाच्या आकांताने म्हणत होते. मल्लेशचं बोट माउसवरच होतं. त्याने ते उचललं.

“आजी, चुकलं माझं. आजोबांचंच नाव उचललं मी. खाली ‘कै.’ हाय.”

“लेकराच्या नावाला ‘कै.’?” शिवलीलाताई ताडकन उभ्या राहिल्या. “उद्या समद्या पाव्हण्यांपुढं दिसलं असतं की! चला अव्वा, दुसरीकडं करून घेऊ.”

आजी उठल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरच्या ‘सिद्राम’वर हळूच बोट ठेवलं.

“त्यांचं त्यांच्यापाशी ऱ्हाऊ दे. माझ्या नातवाला नवं लिही. मी बसते हितं.”

मल्लेशने खालचं चित्र काढलं. तेच नाव नव्याने लिहिलं. ‘द्र’ तीनदा तपासला. मला त्याने पुसलं नाही. फिकं करून, लांब ताणून सगळ्या नावामागे बसवलं.

नावं बनवणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. अक्षर उठून दिसावं म्हणून मला ठेवा, काही झाकायला ठेवू नका. झाकणाऱ्याला क्षणभरही डोळा लागत नाही.

आता व्हिडिओ तयार होतो आहे. माझी धडधड अजून थांबलेली नाही. आजी चष्मा पुसून माझ्यातून आरपार बघत आहेत.

बघा आजी, नीट बघा. खाली फुलंच आहेत.